धाकूची मुशी आणि काचेतलं पाखरू

अंधेरीच्या त्या कॉलेजातून झूलॉजी घेऊन बाहेर पडलेली मुलं पुढे बँकेत चिकटली, औषधं विकायला लागली, एकदोन अमेरिकेलाही गेली. मुशी कशी फाडायची हे आपल्याला सरांनी शिकवलं, असं त्यांतली बरीचजण अजून सांगतात. साफ खोटं. ते त्यांना धाकूने शिकवलं. सर नाकाला रुमाल लावून दोन हात लांब उभे असायचे आणि धाकू तुळसकर नावाचा सातवी नापास लॅब अटेंडंट मुलांची मनगटं धरून सांगायचा, "अरे, हलक्या हाताने! पापड मोडतोयस काय? कात्री वर उचलून धर, नाहीतर काळजाची वाट लागेल."

मुशी म्हणजे शार्कमधली अगदी धाकटी जात. हातभर लांबी, करडं अंग, फावड्यासारखं चपटं नाक आणि तोंडात बारीक बारीक दात. मुंबईच्या बाजारात ती बोंबलांच्या शेजारी निमूट पडलेली असते, त्यामुळे शार्क म्हणून तिला कुणी मान देत नाही. धाकू द्यायचा. तो वेंगुर्ल्याकडचा. सतराव्या वर्षी मुंबईत आला, गिरणीतल्या सुताची धूळ त्याला सोसली नाही, म्हणून एका गाववाल्याने त्याला कॉलेजात पाणी भरायला लावला. बाटल्या धुता धुता तो लॅबमध्ये शिरला तो शिरलाच. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी बाजारात शेवंती कोळणीच्या पाटीसमोर तो उकिडवा बसायचा, एकेका मुशीचे कल्ले उघडून बघायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा आणि तीस नग निवडायचा. शेवंती वैतागून म्हणायची, "सून निवडाला आलास का मावरा घ्याला?" धाकू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्याचा एक नियम होता आणि तो त्याने देवधर्मासारखा पाळला होता. कॉलेजच्या मुशीची पिशवी खाकी, घरच्या मुशीची पिशवी निळी वायरची. खाकी पिशवी वाकोल्याच्या चाळीत कधी गेली नाही, निळी लॅबमध्ये कधी आली नाही. कारण कॉलेजातली उरलेली मुशी फॉर्मॅलिनच्या बरणीत जायची आणि फॉर्मॅलिन म्हणजे निव्वळ विष. बरणीचं झाकण उघडलं की सहा फुटांवरच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "मुशी मेल्यावरपण सांगून चावते," असं धाकू म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

दरवर्षी डिसेंबरात कॉलेजात प्रदर्शन भरायचं. आसपासच्या शाळांतली मुलं रांगेने यायची आणि सगळ्यात जास्त गर्दी धाकूच्या टेबलापाशी व्हायची. टेबलावर वस्तू दोनच. एका बरणीत मुशी. तिच्या शेजारी काचेच्या पेटीत, तारेच्या फांदीवर बसवलेलं, अंगठ्याएवढं एक हमिंगबर्ड. पाठ हिरवीगार, गळा लाल, आणि उजेड पडला की सगळं अंग झगमगायचं. कॉलेज सुरू झालं तेव्हा कुणा पारशी गृहस्थाने ते भेट दिलेलं, त्याच्या आजोबाने म्हणे अमेरिकेहून आणलेलं.

"बोला, ह्या दोघांत मोठं अंडं कुणाचं?" धाकू विचारायचा.

"शार्कचं!" सगळी शाळा एका सुरात.

"शून्य मार्क! मुशीचं अंडं खसखशीच्या दाण्याएवढं. ह्या पाखराचं चांगलं टपोऱ्या वाटाण्याएवढं. पाखरू अंडं घालून मोकळं होतं. मुशी ते बाहेर घालतच नाही. पोटात पोरं वाढवते, नाळेने, तुझ्यामाझ्या आईसारखी. ह्या पाखराचं काळीज मिनिटाला हजारावर ठोके मारतं. मुशीचं काळीज सावकाश चालतं, पण दोन खोल्यांचं आहे. आमच्या वाकोल्याच्या घरापेक्षा एक खोली जास्त."

मुलं हसायची. एखाद्या बाई म्हणायच्याच, "हे तर आमच्या जास्वंदीवर रोज येतं." मग धाकू भडकायचा. ते शिंजीर हो बाई, हे वेगळं, हे समुद्राच्या ह्या बाजूला सापडत नाही. आणि शेवटी तो पेटीवर बोट वाजवून सांगायचा, "इतकी वर्षं झाली, ह्याला एक कसर लागली नाही. शेजारचा पोपट खलास झाला, घुबडाची चाळण झाली. हे तसंच्या तसं. का? जन्मभर मधावर जगलेलं अंग. कीड लागेल कशी?" हे ऐकून प्राध्यापक गालातल्या गालात हसायचे. पदव्यांची भेंडोळी घेतलेली ती माणसं, पण खरंच का लागत नाही हा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडला नाही. मला आजही त्यांचा राग येतो.

शहाऐंशी साली धाकूची एकुलती एक मुलगी मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या नवऱ्याला चारकोपच्या सेक्टरात नवीन घर मिळालं होतं, त्याचं छप्पर अजून व्हायचं होतं. दिवाळीनंतर मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं सुलक्षणा आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी चाळ तिला सुलू म्हणू लागली.

कोकणातल्या माणसाला बाळंतिणीसाठी काय आणायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. मुशीने दूध वाढतं. धाकू एक दिवसाआड निळी पिशवी घेऊन शेवंतीसमोर बसू लागला. तीस मुशा निवडायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या दुप्पट वेळ तो त्या एका मुशीला घ्यायचा. घरी त्याची बायको रुक्मिणी मिरी जास्त, तिखट बेताचं असं कालवण करायची आणि मालनच्या पुढ्यात वाटी ठेवायची.

त्याच सुमारास कॉलेजात युनिव्हर्सिटीची कमिटी यायची होती. विभागप्रमुख विद्याधर सरांनी फडताळं रिकामी करायचा सपाटा लावला. पाखराच्या पेटीची काच तडकलेली होती. "परदेशी पक्षी, सिलॅबसला नाही, फेकून दे," सर म्हणाले. धाकूचा हात धजेना. "मी घरी नेऊ, सर?" "ने की." एवढंच बोलणं झालं.

आणि धाकूने ते पाखरू पेटीतून काढून सुलूच्या पाळण्यावर बांधलं. तिथे कापडी पोपट-चिमण्यांचं झुंबर होतंच. त्याच्याही वर, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, दोऱ्याने. खिडकीतून ऊन आलं की पाखरू चमकायचं आणि सुलू रडायची थांबायची. चाळीतली बायकामाणसं ते बघायला येऊन गेली. धाकूला वाटलं, जन्मभर बाटल्या धुतल्याचं चीज झालं.

पंधरा दिवसांनी सुलू दूध टाकू लागली. तान्ह्या मुली दूध टाकतातच, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग उलट्या सुरू झाल्या, मग पाण्यासारखे जुलाब. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बाटली दिली, तिने काही झालं नाही. पाचव्या दिवशी मुलीचे डोळे आत गेले होते आणि रडण्याचा आवाज मांजरीच्या पिलासारखा येत होता.

शेजारची रत्नप्रभा मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "रुक्मिणीताई, रागवू नका, पण धाकूभावजींनी मुशी कॉलेजातली तर नाही ना आणली? औषधातली? आईच्या दुधातनं उतरतं हो सगळं."

रुक्मिणीने ते संध्याकाळी धाकूला सांगितलं. धाकू जेवत होता, ताटावरून उठला.

"मी काय येडो आसंय? पंचवीस वर्सां त्या इषात हात घालतंय मी! माझ्या चेडवाक मी बरणीतली मुशी घालतलंय?" त्याने देवाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. मालन मुलीला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती. धाकूला वाटलं, पोरगी जागरणाने दमली आहे. दुसऱ्या दिवसापासून मुशी बंद झाली. चाळीच्या नळावर बायका त्याला बघून आवाज खाली घेऊ लागल्या आणि ते त्याला फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो कामावर गेला तो उतरलेल्या तोंडानेच. उत्तरा मॅडम तीन आठवड्यांच्या शिबिराहून परतल्या होत्या. डिपार्टमेंटमधल्या सगळ्यात नवीन. पक्ष्यांची कातडी कशी टिकवतात याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. रिकाम्या फडताळासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "धाकूमामा, इथलं हमिंगबर्ड कुठे गेलं?"

तेवढ्या दुःखातही धाकूला बरं वाटलं. "माझ्याकडे आहे, मॅडम. नातीच्या पाळण्यावर बांधलंय."

मॅडमच्या हातातली वही खाली टेबलावर आली. "पाळण्यावर? मामा, आजच्या आज काढा ते. ते जुन्या पद्धतीने भरलेलं आहे. कातड्याला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळलेला असतो."

"सोमल?"

"म्हणून तर त्याला कसर लागत नाही."

धाकू हसला. खरंच हसला, कारण त्याला ते खरं वाटेना. "नाही हो मॅडम. मी स्वतः हाताळलंय. त्याला कसला वासबीस नाही."

"सोमलाला वास नसतो, मामा."

धाकूने बरणीकडे बघितलं. बरणीतली मुशी त्याच्याकडे बघत होती. दात असलेली, दर्प मारणारी, डोळे झोंबवणारी. तिला तो आयुष्यभर जपून हाताळत आला होता. आणि ह्या तीन ग्रॅमच्या गोजिरवाण्या पाखराला त्याने उघड्या हाताने, शर्टाच्या खिशात घालून, बसमधून घरी नेलं होतं. सोमल काय असतो हे त्याला गावाकडचं ठाऊक होतं. तिथे उंदरांना घालायचे. मॅडमचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

"मुलगी आजारी आहे का?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. त्यांनी घाईघाईने एक चिठ्ठी लिहिली. "हॉस्पिटलात गेल्या गेल्या ही डॉक्टरांना द्या. वेळ घालवू नका."

आयुष्यात पहिल्यांदा धाकू एकटा रिक्षात बसला. हायवेवर तो स्वतःची समजूत घालत होता. पाखरू उंच बांधलंय. हात पोचत नाही. पडली असेल तर थोडी धूळ पडली असेल. धुळीने एवढं काय होणार? रिक्षावाल्याला तो दोनदा म्हणाला, "धुळीने काय होत नाय, ना?" रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि वेग वाढवला.

घरात रुक्मिणी एकटी सुलूला मांडीवर घेऊन बसली होती. मालन डॉक्टरकडे नंबर लावायला गेली होती. धाकू चपला न काढता आत आला आणि सरळ पाळण्याशी जाऊन पाखरू ओढून काढलं. दोरा तुटला. पाखरू त्याच्या तळहातावर आलं आणि त्याने ते उलटंपालटं करून बघितलं.

पाठीवर पिसं नव्हती. मानेपासून शेपटीपर्यंत करडं, वाळकं कातडं उघडं पडलं होतं, आणि तेही ठिकठिकाणी ओरबाडलेलं.

"ह्येचीं पिसां खंय गेलीं?"

रुक्मिणी थोडी चाचरली. चोरी पकडल्यासारखी. "चेडू उलटी करी होता. मोरपीस चाळीत खंय गावाक नाय. ह्येचां पीस तसांच हिरवांगार चमकता. मी जाळलंय आनी मधातसून चाटवलंय."

मोरपिसाची राख मधातून चाटवली की तान्ह्या मुलाची उलटी थांबते, हे रुक्मिणीला तिच्या आईने सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. तिने वावगं काहीच केलं नव्हतं. मोर नव्हता, तर मोरासारखं जे घरात होतं ते घेतलं.

"कितक्या वेळा?" धाकूने विचारलं.

"सकाळ-सांज. पाच दीस." आणि मग, नवरा ओरडत नाही असं बघून, थोडं समजावणीच्या सुरात, "आराम पडाक नाय म्हणान आज दोन चिमटी जाळलंय."

धाकूने तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो पाळण्याखाली जमिनीवर बसला. सोमल हा शब्द त्याने बसल्या जागेवरूनच उच्चारला. रुक्मिणीला तो शब्द कळला. तिने मांडीवरच्या मुलीकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून रत्नप्रभा धावत आली. मालनला निरोप द्यायला तिला सांगून दोघं बाहेर पळाली.

महापालिकेच्या हॉस्पिटलात धाकूने चिठ्ठी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाखरू टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाखराकडे बघितलं, म्हाताऱ्यासारख्या दिसणाऱ्या त्या दोघांकडे बघितलं, आणि "अरे बापरे" एवढंच म्हणून मुलीला आत नेलं. इंजेक्शनं सुरू झाली, इवल्याशा पायाला सलाइन लागलं.

बाहेर बाकावर रुक्मिणी नुसती हलत होती, मागे-पुढे, मागे-पुढे. "मालनीक मी काय सांगतलंय?" ती म्हणत होती. "ती माझां तोंड बघूची नाय."

"तू गप रव," धाकू म्हणाला. "काय सांगूचा तां मी सांगतलंय."

मालनला जुलाब वाढले एवढंच सांगितलं होतं. तीन दिवस असे गेले. मालन मुलीच्या खाटेला चिकटून होती आणि डॉक्टर येत-जात होते. दर वेळी ते दिसले की धाकू उठून उभा राहायचा. चौथ्या दिवशी सकाळी सुलूने असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड जागा झाला. ती भुकेने रडत होती. डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं आणि पहिल्यांदा हसले. "आता धोका नाही. विष उतरलं."

"विष?" मालन म्हणाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले होते. तिने वळून आईबापांकडे बघितलं. "कसलं विष? काय सांगत होते डॉक्टर? आप्पा?"

रुक्मिणीचे ओठ हलले. धाकू तिच्या पुढे आला.

"मुशी," तो म्हणाला. "कॉलेजातली होती ती. बरणीतली. पिशव्यांची अदलाबदल झाली माझ्याकडून."

पंचवीस वर्षं एकदाही न मोडलेला नियम त्याने स्वतःच्या तोंडाने मोडला. शिव्या देऊ दे, तोंड बघू नको म्हणू दे, त्याची सगळी तयारी होती. बायकोच्या वाटचं सगळं तो घेणार होता.

पण मालन चिडली नाही. तिने मान खाली घातली. "मला ठाऊक होतं, आप्पा," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तीच भीती होती मला. तुम्ही दिवसभर त्या बरण्यांत असता, एखाद्या दिवशी चूक होणारच, असं वाटायचं. तुम्ही एवढ्या हौसेने आणायचात, म्हणून बोलले नाही. आई पाठमोरी झाली की मी सगळी मांजरीला घालायचे. एक तुकडा खाल्ला नाही मी."

धाकूला वाटलं, कुणीतरी छातीवर लाथ मारली. शेवंतीसमोर उकिडवं बसून काढलेल्या त्या सगळ्या सकाळी. उघडून बघितलेले कल्ले. चाळीने संशय घेतला तो गेला खड्ड्यात, पण त्याच्या स्वतःच्या मुलीने त्याच्या हातचं कधी खाल्लंच नव्हतं. तो खाली फरशीकडे बघत होता. म्हणून मालनच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे हे त्याला उशिरा दिसलं.

ती बोलता बोलता थांबली होती. कपाळावर आठी चढली होती.

"पण मी खाल्लीच नाही," ती सावकाश म्हणाली. "मग दुधातनं उतरेल कुठनं? आप्पा, हिच्या पोटात विष गेलं कसं?"

धाकूने तोंड उघडलं. त्याच्याजवळ आता दुसरं खोटं नव्हतं.

रुक्मिणी बाकावरून उठली. नवऱ्याला बाजूला करून ती खाटेशी आली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट तिने मालनसमोर धरलं.

"ह्या बोटान, गे बाय," ती म्हणाली. "मी चाटवलंय."

मालन त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने सलाइनच्या नळीसकट सुलूला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि दोन पावलं मागे सरकली.